नावाच्या रकान्याला नाव कोणी दिले?



शाळेचा प्रवेश असो, विजेची नवी जोडणी असो, पेन्शनीसाठी हयातीचा दाखला असो की नातवाच्या परीक्षेचा अर्ज असो, आज सारे काही संगणकाच्या पडद्यावर भरावे लागते. तिथे पहिलाच प्रश्न येतो नावाचा, आणि मराठी माणूस पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एका दमात सांगण्याची ज्याला लहानपणापासून सवय, तो समोरचे तीन चौकोन पाहून शेजारच्याला विचारतो, 'अहो, यात काय कुठे लिहायचे?' चौकोनांवर लिहिलेले असते : फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ही तीन नावे निरुपद्रवी नाहीत. ज्याने रकान्याला नाव दिले, त्याने त्या रकान्यात बसणाऱ्या माणसाचे नाव कसे असावे हेही ठरवून टाकले. ठरवताना आपल्याला कोणी विचारले नाही, आणि आपणही आजवर कोणाला जाब विचारला नाही. तो आता विचारला पाहिजे.

संगणकाच्या आतला कारभार ज्यांना परका आहे, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. पडद्यावरच्या प्रत्येक रकान्याला दोन नावे असतात. एक आपल्याला दिसते ते, दारावरच्या पाटीसारखे. दुसरे आत, यंत्र ज्या नावाने त्या रकान्याला ओळखते ते. आपण बटण दाबले की 'फर्स्टनेम म्हणजे वसंत, मिडलनेम म्हणजे गोविंद, लास्टनेम म्हणजे काळे' अशा जोड्या तयार होऊन सर्व्हरकडे जातात. तिथल्या प्रोग्राममध्ये बहुधा त्याच नावाचे व्हेरिएबल असते आणि माहितीच्या साठ्यात त्याच नावाचा स्तंभ असतो. पुढे त्यावरून ओळखपत्र छापले जाते, यादी लागते, दुसऱ्या खात्याच्या यादीशी ताळा केला जातो. म्हणजे पहिल्या दिवशी एका प्रोग्रामरने जे नाव टंकले, ते वर्षानुवर्षे चालत राहते. बाहेरची पाटी मराठीत रंगवली तरी आतला मालक बदलत नाही.

प्रोग्रामर मंडळींमध्ये या आतल्या नावांवरून वाद नसतात असे नाही. दोन शब्द जोडताना मध्ये खालची रेघ घालावी, की रेघ न घालता दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करावे, यावर ते हिरिरीने भांडतात. पहिल्या पद्धतीला 'स्नेक केस' म्हणतात, दुसरीला 'कॅमल केस'. साप की उंट, यावर चर्चा रंगते. पण 'मिडल नेम' हा शब्द ज्याच्यासाठी वापरला, तो त्या माणसाचा बाप आहे, ही गोष्ट त्या चर्चेत कोणाच्या ध्यानीमनी नसते!

होय, बापच. इंग्लंड-अमेरिकेत मिडल नेम म्हणजे मुलाला दिलेले आणखी एक नाव. कोणी आजीचे ठेवतो, कोणी एखाद्या संताचे, कोणी ठेवतच नाही. ते गाळले तरी तिकडे फारसे अडत नाही, म्हणून ते ऐच्छिक. त्याचे एकच आद्याक्षर लिहिण्याची तिकडे चाल आहे. आपले मधले नाव असे हौसेचे नाही. त्यात मुलाचा बाप असतो, लग्न झालेल्या बाईचा बहुधा नवरा असतो. एका शहरात वसंत काळे पाच निघतील. त्यांतला गोविंदरावांचा वसंत कोणता, हे फक्त मधल्या नावावरून कळते. रकान्याचे नाव 'मिडल नेम' ठेवले की प्रोग्रामर तो सहजच ऐच्छिक करतो, कार्ड छापताना जागा पुरली नाही तर त्याचे एक अक्षर ठेवतो किंवा तेही उडवतो. रकान्याचे नाव 'वडिलांचे नाव' असते तर त्याचा हात थोडा तरी थबकला असता.

स्त्रियांची गत याहून बिकट. लग्नानंतर आडनाव बदलते, हे इंग्रजी चालीरीतीत बसते. मधले नावही बदलू शकते, हे 'मिडल नेम' नावाचा रकाना आखणाऱ्याच्या स्वप्नातही नसते. आज आपल्या कित्येक मुली लग्नानंतर काहीच बदलत नाहीत, कित्येक दोन्ही बदलतात, तर कित्येक दोन्ही आडनावे जोडून लावतात. तिघींचेही नाव योग्यच आहे. चूक आहे ती तिघींपैकी एकीलाच सामावणाऱ्या रकान्याची.

आता 'फर्स्ट' आणि 'लास्ट' हे शब्द पाहा. पहिले आणि शेवटचे, म्हणजे रांगेतली जागा. त्यातून अर्थ काहीच कळत नाही. हैदराबादच्या आपल्या मंडळींचे तेलुगू शेजारी घराण्याचे नाव आधी लावतात. शाळेच्या हजेरीपटावर आणि मतदारयादीजवळच्या रांगेतही 'काळे वसंत गोविंद' अशी हाक आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या माणसाने 'फर्स्ट नेम'मध्ये काय लिहावे? प्राप्तिकर खात्याच्या पॅनसाठीच्या ४९-अ अर्जावर तर वर्षानुवर्षे 'लास्ट नेम' सर्वांत वरच्या ओळीत विचारले गेले! शेवटचे पहिले आणि पहिले दुसरे, असा हा हिशेब. जागेवरून नाव ठेवले की असेच होणार.

आम्ही राहतो त्या इंदुरात आणखी एक गंमत आहे. हिंदी भाषकांची रीत नाव आणि आडनाव अशी दोनच पदांची. वडिलांचे नाव ते 'पिता/पति का नाम' या वेगळ्या रकान्यात लिहितात. ही त्यांची रीत, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण मराठी माणूस अशा अर्जात गोविंदरावांना एकदा स्वतःच्या नावात लिहितो आणि एकदा खाली. दुसऱ्या अर्जात ते एकदाच येतात. तिसऱ्यात मिडल नेम ऐच्छिक, म्हणून एकदाही नाही. एकाच माणसाची अशी तीन नावे तयार होतात, आणि पुढे एखादे यंत्र ती अक्षराला अक्षर लावून जुळवायला बसते.

ज्यांना हे पोरखेळ वाटते त्यांनी पॅन आणि आधार जोडणीचे दिवस आठवावेत. शेवटची मुदत ३० जून २०२३ होती, उशिरा येणाऱ्यांना एक हजार रुपये भरावे लागत होते, आणि ज्यांची जोडणी झाली नाही त्यांचे पॅन १ जुलैपासून निष्क्रिय ठरले. आधारात नावासाठी एकच सलग रकाना, पॅनमध्ये तीन तुकडे. एकात वडिलांचे नाव आहे, दुसऱ्यात नाही, तर जोडणी अडते. ज्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभर एकच सही केली, त्याला 'तुमचे नाव जुळत नाही' असे ऐकावे लागते. नाव त्याचे बरोबरच होते, जुळले नाहीत ते रकाने. हेलपाटे मात्र त्याने घातले.

परदेशी तर याचा कहर आहे. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या माणसाला अमेरिकेचा व्हिसा मिळतो तेव्हा रिकाम्या रकान्यात 'एफएनयू' अशी तीन अक्षरे येतात. अर्थ, पहिले नाव अज्ञात. पुढे तिकडच्या कार्यालयांत त्या माणसाला त्याच नावाने पुकारले जाते! नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम जाहीर केला. मागाहून पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास सूट दिली. एक रकाना रिकामा, एवढाच काय तो गुन्हा.

आता लिपीकडे वळू. बहुतेक अर्जांत नाव रोमन अक्षरांतच लिहावे लागते. काळे आडनाव रोमनमध्ये लिहिले की त्यातला ळ जातो, कारण रोमन लिपीत ळ साठी वेगळे अक्षर नाही. मग तेच यंत्र रोमनवरून देवनागरी बनवते आणि हाती येते 'काले'. पिंगळ्यांचे पिंगले होतात, कांबळ्यांचे कांबले होतात. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या होळकरांच्या राजधानीत राहून आम्ही रोज 'होलकर' वाचतो. हिंदीत ळ वापरात नाही, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरला हे चालायचेच, असे कोणी म्हणेल. मग बेळगावचे काय? कन्नडात ळ आहे. वडोदऱ्याच्या गुजरातीत आहे, हैदराबादच्या तेलुगूतही आहे. या तिन्ही लिप्यांत ळ सुखाने नांदतो. तो हरवतो तो मधल्या रोमन उडीत. मराठीतून थेट कन्नडात गेला असता तर तो शाबूत राहिला असता.

यंत्राला देवनागरी येत नाही ही सबब आता चालणार नाही. युनिकोडचे पहिले प्रमाण १९९१ साली आले. देवनागरीला त्यात १२८ जागा आहेत, ळ आहे, गोऱ्हे आणि कऱ्हाडकरांचा ऱ सुद्धा आहे. यंत्राला येते. रकान्यावर बसवलेल्या पहारेकऱ्याला येत नाही! 'ए ते झेड सोडून काही चालणार नाही' असा नियम प्रोग्रामर लिहितो आणि निर्धास्त होतो. थोडा उदार असेल तर लिहितो, 'जगातल्या कोणत्याही भाषेचे अक्षर चालेल.' पण युनिकोडच्या हिशेबात आपली काना-मात्रा-वेलांटी 'अक्षर' या वर्गात येत नाही. ती 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात येते. परिणामी त्या उदार पहाऱ्यातून मदन जातो, कमल जाते, नयन जातो; सीता आणि विठ्ठल दाराबाहेर उभे राहतात. पंढरीच्या विठ्ठलाला आत यायला वेलांटीमुळे मनाई, ही आजची स्पृश्यास्पृश्यता म्हणायची काय?

लांबीचेही तसेच. रोमनमधले एक अक्षर साठवायला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला प्रचलित पद्धतीत तीन. 'लक्ष्मीकांत' हे नाव आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. यंत्राला त्यात हलन्त, वेलांटी, काना, अनुस्वार धरून अकरा चिन्हे दिसतात, म्हणजे तेहतीस बाइट. रकाना तीस बाइटांचा आखला असेल तर शेवटचा 'त' कापला जातो आणि उरतो 'लक्ष्मीकां'. आखणाऱ्याने रोमन नाव डोळ्यांपुढे ठेवून माप घेतले, तर असेच होणार. दुसऱ्याच्या अंगाचे माप घेऊन शिवलेला सदरा आपल्याला दिला, आणि तो बसत नाही म्हणून दोष आपल्या अंगाला!

हा प्रश्न हौसेचा नसून हक्काचा आहे. भारतीय राज्यघटनेचा २९वा अनुच्छेद भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. त्यात 'लिपी' हा शब्द स्वतंत्रपणे आहे. ३५०वा अनुच्छेद सांगतो की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. कागदावर आपण मराठीत अर्ज लिहिला तर कारकुनाला तो घ्यावा लागतो. तोच अर्ज पडद्यावर देवनागरीत भरला तर लाल अक्षरांत उत्तर येते : 'अवैध अक्षर'. घटनेने जे दिले, ते प्रोग्राममधल्या एका ओळीने काढून घेतले. त्या ओळीवर ना चर्चा झाली, ना मतदान.

गोव्याच्या बांधवांना हे नवे नाही. पोर्तुगीज अमलात दप्तरी प्रभूंचे 'पोरोबो' झाले आणि कामतांचे 'कामोतीं'. एकाच घरात जुन्या नोंदीत एक आडनाव आणि नव्या कागदावर दुसरे, असा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालला. नाव आणि आडनाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० साली वेगळा कायदा करावा लागला. तिथे निदान समोर हाडामांसाचा कारकून होता; त्याच्याशी हुज्जत घालता येत होती. व्हेरिएबलशी हुज्जत कशी घालणार?

आता आक्षेपांना उत्तरे देऊ.

पहिला आक्षेप : 'ही जागतिक रीत आहे, आपण तिच्याविरुद्ध कसे जाणार?' हे अर्धवट माहितीवर आधारलेले आहे. वेबपानांची भाषा एचटीएमएल. तिच्या प्रमाणग्रंथातच असा सल्ला आहे की शक्यतो पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवावा, कारण तुकड्यांचे रकाने पाश्चात्त्य चालीचा पूर्वग्रह उघड करतात. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनेही जगभरच्या नावांच्या रीतींवर टिपण काढून तुकडे खरोखर हवेत का, याचा आधी विचार करायला सांगितले आहे. संपर्काची माहिती साठवण्यासाठी 'व्हीकार्ड' नावाचे प्रमाण आहे. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत पूर्ण नाव अनिवार्य आणि तुकडे ऐच्छिक आहेत. पासपोर्टचे आंतरराष्ट्रीय नियम पहिले-शेवटचे म्हणतच नाहीत; ते 'प्राथमिक ओळख' आणि 'दुय्यम ओळख' असे अर्थावरून बोलतात. म्हणजे जग शहाणे झाले आहे. जुनी सवय सोडायला तयार नाहीत ते आपलेच लोक.

दुसरा आक्षेप : 'आडनाव वेगळे नसेल तर यादी कशी लावणार?' ज्याला यादी लावायची असेल त्याने 'यादीसाठी आडनाव' असा वेगळा, ऐच्छिक रकाना ठेवावा. यादीच्या सोयीसाठी माणसाचे तुकडे करू नयेत. आधारमध्ये शंभर कोटींहून अधिक लोकांची नावे एकाच रकान्यात मावली आहेत. जे शंभर कोटींना जमते ते एखाद्या नगरपालिकेला न जमायला काय झाले?

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो : 'आतल्या नावाला कोण बघतो? पाटी मराठीत असली म्हणजे झाले.' नाही झाले. आतल्या नावावरूनच पुढचा प्रोग्रामर ठरवतो की काय अनिवार्य, काय ऐच्छिक, काय गाळायचे. व्हेरिएबल देवनागरीतच हवे असा आमचा हट्ट नाही. रोमनमध्ये लिहा, साप करा की उंट करा, पण जे आत आहे त्याचे नाव द्या. वडिलांचे नाव असेल तर 'वडिलांचे नाव' म्हणा. घराण्याचे असेल तर 'घराण्याचे नाव' म्हणा. जागेवरून नव्हे, नात्यावरून नाव ठेवा.

आणि हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे. आम्ही या निर्णयाचे स्वागत करतो. आपले निम्मे सोयरे महाराष्ट्रात आहेत. ती मुले उद्या इंदूर, वडोदरा, हैदराबादला शिकायला आणि नोकरीला येतील. चार पदांचे नाव तीन चौकोनांत कसे बसवणार? आई 'मिडल' की वडील 'मिडल'? की दोघांना एका रकान्यात कोंबून एकाचे शेपूट कापणार? आईला नावात आणण्यासाठी इतकी वर्षे गेली. तिला एका रकान्याच्या नावापायी पुन्हा बाहेर काढले जाऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा. सर्व सरकारी आणि निमसरकारी अर्जांत पूर्ण नावाचा एक सलग रकाना असावा आणि तो माणूस लिहील तसाच जतन व्हावा. ते नाव देवनागरीत लिहिण्याची मुभा असावी, आणि रोमन रूप शेजारी वेगळे घ्यावे. एकावरून दुसरे यंत्राने परस्पर बनवू नये, बनवलेच तर अर्जदाराला दाखवून दुरुस्त करू द्यावे. तुकडे हवेच असतील तर त्यांची नावे, बाहेरची आणि आतलीही, अर्थावरून असावीत. आणि दोन कार्यालयांची नावे जुळली नाहीत, तर ती जुळवण्याचा खर्च आणि हेलपाटे नागरिकाच्या माथी मारू नयेत.

या मागण्यांचे निवेदन मंडळातर्फे दिले जाईलच. पण एक गोष्ट निवेदनाने होणार नाही. हे प्रोग्राम लिहिणारे कोण आहेत? पुणे, बंगळूर, हैदराबादच्या कंपन्यांत बसलेली आपलीच मुले, सुना, जावई. आपल्यातल्या क्वचितच एखाद्या घरात असे कोणी नसेल. दिवाळीला ती घरी आली की त्यांना पगार विचारता, घर घेतले का विचारता. यंदा आणखी एक विचारा : 'बाळा, तुझ्या फॉर्ममध्ये तुझ्या आजोबांचे नाव बसते का?' तो म्हणेल, रकान्याचे नाव वरून ठरून येते. त्याला सांगा, वरून आलेले तपासून बघायला तुला शिकवले आहे. साहेबापुढे एचटीएमएलचा प्रमाणग्रंथ उघडून ठेव आणि विचार. त्यात बंड काही नाही, कामच चोख होईल.

तसेच प्रत्येक मराठी मंडळाने, पतपेढीने आणि मराठी शाळेने आपापल्या संकेतस्थळावरचा सभासदत्वाचा वा प्रवेशाचा अर्ज या महिन्यात उघडून पाहावा. बाहेर मराठी पाटी आणि आत 'मिडलनेम' असेल तर ते बदलून घ्यावे. सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या दाराची पाटी नीट असावी.

आपल्या पूर्वजांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घाट ओलांडले, नर्मदा ओलांडली, परक्या मुलखात घरे केली. भाषा बदलली नाही, नाव सांगण्याची रीत बदलली नाही. तलवारीच्या धाकाने जे गेले नाही, ते एका चौकोनाच्या आळसाने जाऊ देऊ नका. अर्ज भरताना नाव पूर्ण लिहा, वडिलांसह लिहा, ळ सह लिहा. रकाना नाकारत असेल तर त्याची लेखी तक्रार करा आणि ती मराठीत करा. घटनेने तो हक्क दिला आहे.